हातमोज्यांचे खोके उघडण्यापूर्वी



आपल्या फिरत्या दवाखान्यासाठी वस्तुरूपाने काय पाठवावे, असे अनेक मित्र पत्रातून आणि फोनवर विचारतात. त्या यादीत हातमोज्यांचे नाव नेहमी असते. मंडळ्यांकडून, शाळांकडून आणि पुण्या-मुंबईच्या कुटुंबांकडून मोज्यांची खोकी येतात. ही भेट आम्हांला मोलाची वाटते. पण सगळी खोकी एकाच कामाची नसतात, आणि काही तर रुग्णाजवळ नेण्यासारखीही नसतात. दवाखान्याच्या सामानाची खरेदी आणि साठा माझ्याकडे असल्यामुळे, या अंकात मोज्यांविषयी थोडे सविस्तर लिहावे असे संपादकांनी सुचवले. देणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, आणि वस्त्यांवर काम करणाऱ्या आपल्या स्वयंसेवकांनाही व्हावा, म्हणून हा लेख.

नसरापूरजवळ चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे वळले की पुढे डोंगर जवळ येत जातात आणि वस्त्या विरळ होत जातात. कातकरी आणि महादेव कोळी बांधवांच्या वस्त्यांवर आमच्यासमोर येणारी कामे साधारण ठरलेली असतात. कोयत्याने किंवा कुऱ्हाडीने झालेली जखम, भट्टीवर भाजलेला हात, पिकलेले गळू, चिघळलेला पाय. बाळंतपण दवाखान्यातच व्हावे असा आमचा आग्रह असतो आणि बहुतेक बायका आता जातातही. तरी पावसाळ्यात ओढा चढला, गाडी आली नाही, तर बाळ कोणासाठी थांबत नाही. या प्रत्येक ठिकाणी रक्त, पू किंवा पाणी हाताला लागणार हे नक्की असते. तिथे सिस्टरच्या किंवा सुईणीच्या हातावरचा मोजा धड असणे ही चैनीची गोष्ट नाही.

मोजा नक्की कोणाचे रक्षण करतो?

रबरी मोजा शस्त्रक्रियेत आला तो रुग्णासाठी नव्हे, परिचारिकेसाठी. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९० च्या सुमारास कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या परिचारिकेचे हात जंतुनाशक पाऱ्याच्या क्षाराने सोलवटून निघत होते. तेव्हा शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. मोज्यांमुळे रुग्णाच्या जखमाही कमी चिघळतात, हे पुढे लक्षात आले. एकदा वापरून टाकायचे मोजे १९६० च्या दशकात बाजारात आले. १९८० च्या दशकात एचआयव्हीची ओळख पटल्यावर, कोणत्याही रुग्णाचे रक्त संसर्गजन्य असू शकते असे धरूनच काम करावे, हा नियम जगभर रुजला आणि मोज्यांची मागणी एकदम वाढली.

म्हणजे मोजा दोन्ही बाजूंचे रक्षण करतो. हे वस्तीवर समजावून सांगावे लागते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावाने लांब ठेवले, त्यांना मोजा घातलेला हात वेगळाच दिसतो. एका आजींनी मला सरळ विचारले, "सिस्टर, आमाला हात लावाया किळस येती व्हय?" मी त्यांच्यासमोर मोजे काढले, त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितले, "आजी, माझ्या हातावरची घाण तुमच्या जखमेत जाऊ नये म्हणून मोजे घातले होते." त्यानंतर आम्ही सर्वांनी एक रीत ठेवली आहे. आधी उघड्या, धुतलेल्या हाताने नमस्कार, विचारपूस आणि नाडी, आणि मग जखम उघडण्याच्या वेळी मोजे. लूककृत शुभवर्तमानातल्या शोमरोन्याकडे मोजे नव्हते. पण जखमी माणसाजवळ जाऊन बसणे त्याने आधी केले, हे आपण विसरू नये.

चिकापासून मोज्यापर्यंत

उंबराची किंवा रुईची फांदी मोडली की पांढरा चीक येतो हे आपल्याला ठाऊक आहे. रबराच्या झाडाचा चीकही तसाच असतो. पहाटे झाडाच्या सालीला तिरपी खाच देतात आणि खाली लावलेल्या वाटीत चीक गोळा करतात. पूर्वी त्यासाठी करवंटीच वापरत. त्या चिकात साधारण ३० ते ४० टक्के रबर आणि बाकी बहुतेक पाणी असते. तो नासू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात, आणि यंत्रात घुसळून रबराचे प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत आणतात. मोज्यांच्या कारखान्यात जातो तो हा दाट चीक.

कारखान्यात चिनीमातीचे हाताच्या आकाराचे साचे साखळीवर ओळीने फिरत असतात. ते धुऊन क्षाराच्या द्रावणात आणि मग चिकात बुडवतात. साच्यावर पातळ थर बसतो. तो गरम पाण्यात धुतात, मनगटापाशी कड वळवतात, आणि गंधकाच्या मदतीने तापवून पक्का करतात. शेवटी मोजा साच्यावरून ओढून काढतात. या धुण्याला फार महत्त्व आहे. चिकातली प्रथिने आणि उरलेली रसायने त्या पाण्यात निघून जातात. ज्याला माल स्वस्तात काढायचा आहे तो धुण्याचा वेळ कमी करतो आणि थर पातळ करतो. दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. मग घालणाऱ्याच्या हाताला खाज सुटते, पुरळ येते, किंवा मोजा घालतानाच बोटाच्या बेचक्यात फाटतो.

आपल्या देशात रबराची व्यापारी लागवड १९०२ मध्ये केरळात सुरू झाली आणि आजही केरळच आघाडीवर आहे. महाराष्ट्रातही सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात रबराच्या बागा दिसतात. केरळनंतर त्रिपुराचा क्रमांक लागतो. या अंकाच्या वाचकांनी लक्षात घ्यावे असे की, त्रिपुरात फिरती शेती करणाऱ्या अनेक आदिवासी कुटुंबांना रबराच्या लागवडीवर स्थिर करण्याचे काम काही दशके चालले आहे. मोजा वापरताना आपण वेल्ह्यातल्या आदिवासी रुग्णाचा विचार करतो. त्याचा चीक काढणारा हातही आदिवासी असू शकतो.

खोक्यावर काय लिहिले आहे?

बाजारात मोज्यांचे चार प्रकार मिळतात आणि त्यांत गोंधळ फार होतो.

*लॅटेक्स.* वर सांगितलेल्या चिकाचे, पांढरट पिवळे मोजे. चांगले ताणतात, बोटांना स्पर्श नीट कळतो. काही जणांना लॅटेक्सची ॲलर्जी असते. खाज आणि शिंकांपासून क्वचित जिवावर बेतण्यापर्यंत ती जाऊ शकते. आतून भुकटी लावलेल्या मोज्यांत ही ॲलर्जी हवेतूनही पसरते, कारण भुकटी उडताना प्रथिने बरोबर घेऊन जाते. शिवाय ती भुकटी जखमेत राहिली तर त्रास देते. या कारणांमुळे अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून भुकटीच्या वैद्यकीय मोज्यांवर बंदी घातली. आपल्याकडे ते अजून मिळतात आणि स्वस्त मिळतात.

*नायट्राइल.* बहुधा निळे किंवा जांभळे. हे झाडापासून नव्हे, खनिज तेलापासून निघणाऱ्या रसायनांपासून होतात. लॅटेक्सची ॲलर्जी यांनी होत नाही, तेलाने खराब होत नाहीत आणि सहज भोसकले जात नाहीत. किंमत मात्र बहुधा जास्त.

*व्हिनाइल.* पीव्हीसीचे, पारदर्शक, हातावर सैल बसणारे. थोड्या वेळाच्या, रक्त नसलेल्या कामाला चालतात. वापरताना लवकर फाटतात, म्हणून बाळंतपणाला किंवा जखमेला नकोत.

*पॉलिथिनचे.* हॉटेलात किंवा केस रंगवण्याच्या पुड्यात मिळतात ते चुरचुरीत, दोन पत्रे चिकटवलेले मोजे. अतिशय प्रेमाने पाठवलेल्या खोक्यांत कधी कधी हेच निघतात. आम्ही ते स्वयंपाकघराकडे देतो. रुग्णासाठी ते मोजेच नव्हेत.

याशिवाय एक मोठा फरक आहे. शंभर नगांच्या खोक्यातले मोजे तपासणीचे असतात. ते स्वच्छ असतात, पण निर्जंतुक नसतात. शस्त्रक्रियेचे मोजे जोडीने, वेगळ्या सीलबंद पाकिटात येतात. त्यांवर ६, ६½, ७, ७½ असे माप आणि निर्जंतुक केल्याची खूण असते. टाके घालायला आणि बाळंतपणाला हे दुसरे लागतात. पाकीट ओले झाले, भोक पडले किंवा कड उघडी पडली, तर आतली जोडी निर्जंतुक राहिली नाही असेच समजावे.

भोकांचा हिशेब

कोणताही कारखाना एकूण एक मोजा निर्दोष देण्याची हमी देत नाही. म्हणून मानकांमध्ये एक आकडा ठरवलेला असतो, त्याला एक्यूएल म्हणतात. मालाच्या ढिगातून ठरावीक नमुने काढून त्यांत भोके शोधतात. एक्यूएल २.५ म्हणजे शंभरात साधारण अडीच मोजे सदोष असलेला ढीगही बहुधा पास होतो. आकडा लहान तितकी कसोटी कडक. शस्त्रक्रियेच्या मोज्यांना १.५ लावतात. तपासणीच्या मोज्यांना आंतरराष्ट्रीय आणि अमेरिकन मानकांत २.५, तर युरोपच्या मानकात १.५ आहे. आपल्या भारतीय मानक ब्यूरोचे तपासणीच्या मोज्यांसाठी आयएस १५३५४ आणि एकदा वापरायच्या शस्त्रक्रियेच्या मोज्यांसाठी आयएस १३४२२ हे मानक आहे.

भोक शोधण्याची रीत साधी आहे. मोज्यात १ लिटर पाणी ओतून तो टांगतात आणि २ मिनिटे थेंब गळतो का पाहतात. ही परीक्षा कोणालाही घरी करता येते. बादलीवर मोजा धरा, पाणी भरा, मनगट घट्ट पिळून धरा. नवीन कंपनीचा माल आला की पहिल्या खोक्यातले काही मोजे आम्ही असे खर्ची घालतो.

किती मोजे तपासावेत, याचाही हिशेब सांगते. समजा, एखाद्या खोक्यात दर दहात एक मोजा फुटका आहे, म्हणजे माल अगदी वाईट आहे. त्यातले ५ मोजे उचलून पाहिले, तर एक तरी फुटका सापडण्याची शक्यता सुमारे ४१ टक्केच असते. १० पाहिले तर ती सुमारे ६५ टक्के होते. म्हणून "दोन मोजे फुगवून पाहिले, चांगले होते," याला फारसा अर्थ नाही. आम्ही १० तपासतो. त्यात एक फुटला तर आणखी १० घेतो, आणि पुन्हा फुटला तर खोके परत करतो. शंभरातले दहा-वीस मोजे पाण्यात गेले म्हणून मन हळहळते. पण फुटक्या मोज्याचा धोका उघड्या हातापेक्षाही वेगळा आहे. उघडा हात असला की माणूस जपून वागतो. मोजा असला की निर्धास्त होतो.

मला आठवते, एका दुकानदाराने फारच कमी भावात खोकी दिली होती. मोजले तर शंभराऐवजी त्र्याण्णव नग निघाले, आणि पाण्याच्या परीक्षेत दहातले तीन गळले. घालताना फाटून वाया जाणारे धरले, तर ते खोके चांगल्या मालापेक्षा महाग पडले असते. भाव खोक्याचा पाहू नये, हातात टिकलेल्या जोडीचा पाहावा.

पुरवठा कुठे अडतो?

जगातल्या वैद्यकीय मोज्यांपैकी निम्म्याहून जास्त मोजे अनेक वर्षे एकट्या मलेशियात तयार होत होते. उरलेल्यांत थायलंड, चीन आणि इंडोनेशियाचा वाटा मोठा. आपल्याकडे केरळ आणि तमिळनाडूत लॅटेक्स मोज्यांचे कारखाने आहेत, पण नायट्राइलच्या बाबतीत आपण बऱ्याच अंशी आयातीवर अवलंबून राहिलो. इतकी गोष्ट थोड्या ठिकाणी एकवटली की तिथल्या अडचणी इथल्या कपाटापर्यंत येतात. रबराची पाने जानेवारी-फेब्रुवारीत गळतात तेव्हा चीक कमी येतो, जोरदार पावसात खाच देता येत नाही, आणि तेलाचे भाव चढले की नायट्राइल महागते.

२०२० मध्ये हे सगळे एकदम अनुभवास आले. कोविडच्या साथीत जगभर मागणी उसळली, भाव कित्येक पटींनी वाढले, आणि मोठी रुग्णालये पुढच्या कित्येक महिन्यांचा माल आधीच बांधून घेऊ लागली. छोट्या दवाखान्याला रांगेत शेवटची जागा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मलेशियातल्या टॉप ग्लोव्ह या जगातल्या सर्वांत मोठ्या मोजे कंपनीच्या कामगारांत कोविड पसरला आणि तिथल्या सरकारने तिचे २८ कारखाने टप्प्याटप्प्याने बंद ठेवायला लावले. कामगार दाटीवाटीच्या वसतिगृहांत राहत होते. त्यांतले बरेच नेपाळ आणि बांगलादेशातून आलेले होते. नोकरी मिळवण्यासाठी दलालांना भरलेल्या पैशांच्या कर्जाखाली त्यांना राबावे लागत असल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेने जुलै २०२० मध्ये या कंपनीच्या मालाची आयात रोखली होती. कंपनीने कामगारांना त्या रकमा परत करण्यासह सुधारणा केल्यानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये ती बंदी उठली. पुढे नवे कारखाने उभे राहिले, माल गरजेपेक्षा जास्त झाला आणि २०२२ पर्यंत भाव कोसळले.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे आपण दर वर्षी पाहतो. उचल फिटत नाही, हिशेब मालकाच्या वहीत असतो, आणि मुलांची शाळा सुटते. वेठबिगारीविरुद्ध १९७६ चा कायदा आहे, तरी ही साखळी पुरती तुटलेली नाही. कर्जाच्या दोरीने बांधलेला कामगार सगळीकडे सारखाच. म्हणून अतिशय स्वस्त माल दिसला की तो स्वस्त कसा झाला, हा प्रश्न मिशनच्या माणसाने तरी विचारला पाहिजे.

पावण्याचे गोदाम

तुटवडा आला की लबाडी येते, याचा दाखला आपल्या राज्यातलाच आहे. ऑगस्ट २०२० मध्ये नवी मुंबई पोलिसांनी पावणे एमआयडीसीतल्या एका गोदामावर छापा घातला. तिथे एकदा वापरलेले मोजे धुऊन, वाळवून, पुन्हा नव्यासारखे पाकिटात भरून विकण्याचे काम चालले होते. सुमारे ३ टन मोजे जप्त झाले. हे मोजे कोणत्या रुग्णाला लागून आले आणि कोणाच्या हातात गेले असते, याची कल्पनाच करवत नाही.

जुन्या परिचारिका म्हणतील, पूर्वी आम्हीही मोजे धूतच होतो. खरे आहे. धुवायचे, हवा भरून भोक पाहायचे, भुकटी लावायची आणि वाफेवर निर्जंतुक करायचे, हे सगळे आम्हांला शिकवले जाई. पण ते मोजे त्यासाठीच जाड केलेले असत. आजचा एकदाच वापरायचा मोजा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, कधी त्याहूनही पातळ. साबणाने, स्पिरिटने किंवा उकळून त्याची वीण सैल होते आणि न दिसणारी छिद्रे पडतात. म्हणून आपल्या दवाखान्यात तो कधीही धुऊन वापरायचा नाही, आणि दोन रुग्णांच्या मध्ये त्यावर सॅनिटायझर चोळायचे नाही.

पावण्यासारख्या धंद्याला माल मिळतो तो दवाखान्यांच्या कचऱ्यातून. तो आपल्याकडून मिळू नये एवढे तर आपल्या हातात आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे वापरलेले मोजे लाल पिशवीत जातात. पुढे ते वाफेने निर्जंतुक करून त्यांचे तुकडे करतात. आम्ही पिशवीत टाकण्यापूर्वी कात्रीने मोज्याची बोटे कापतो, आणि वस्तीवरचा कचरा वस्तीवर न ठेवता गाडीतून परत आणतो. कृपा करून तिथे तो जाळू नये. व्हिनाइल जाळल्यावर विषारी धूर होतो. आणि वापरलेला असो वा नवा, मोजा फुगवून मुलांना खेळायला देऊ नये. मुले मागतात, हट्ट करतात. फुगे स्वस्त आहेत, ते न्यावेत.

साठवण आणि तेल

चांगला मोजा आपल्याकडे येऊनही बिघडू शकतो. रबराचे शत्रू म्हणजे ऊन, उष्णता, ओल आणि तेल. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत ठेवलेली खोकी, गाडीच्या काचेखाली राहिलेले खोके, पावसाळ्यात भिंतीला टेकून ठेवलेला पुठ्ठा: यांतले मोजे मुदतीच्या आधीच चिकट, पिवळे किंवा ठिसूळ होतात. वेल्ह्याच्या पावसात आम्ही खोकी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर, झाकणाच्या डब्यात ठेवतो, आणि ज्यांची मुदत आधी संपते ती आधी काढतो.

तेलाचा मुद्दा सुईणींसाठी फार महत्त्वाचा आहे. बाळंतपणात खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावण्याची सवय जुनी आहे. लॅटेक्सला तेल लागले की तो काही मिनिटांत कमकुवत होऊ लागतो आणि ऐन वेळी फाटतो. मोजे लॅटेक्सचे असतील तर तेल अजिबात नको. वस्तीवरच्या सुईणींना आम्ही हे एका फुगवलेल्या मोज्यावर तेल चोळून दाखवतो. सांगण्यापेक्षा ते लवकर पटते. नखे कापलेली हवीत, अंगठी आणि पाटल्या काढलेल्या हव्यात, आणि हात पूर्ण कोरडे हवेत.

मोजा कुठे नको?

मोजे वाचवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे नको तिथे न घालणे. ताप पाहणे, रक्तदाब घेणे, वजन करणे, बाळाला उचलणे, गोळ्या देणे यांना मोजे लागत नाहीत. त्वचा धड असेल तर लस टोचतानाही लागत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तिथे हात धुणे पुरेसे आणि अधिक चांगले. सकाळी घातलेले मोजे दुपारपर्यंत दहा रुग्णांवर चालवले, तर त्या हातापेक्षा धुतलेला उघडा हात कितीतरी स्वच्छ. मोजे घालण्यापूर्वी आणि काढल्यावर, दोन्ही वेळा हात धुवावेत, कारण चांगल्या मोज्यातही भोक असू शकते.

मोजा सुई अडवत नाही, हेही लक्षात असावे. म्हणून आपल्या प्रत्येक स्वयंसेवकाला हिपॅटायटिस बीची लस दिलेली असावी. सुई टोचलीच तर जागा वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी आणि लगेच सरकारी रुग्णालयात जावे. एचआयव्हीपासून बचावाची औषधे शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

खोके पाठवताना

मित्रहो, ज्यांना मोजे पाठवायचे आहेत त्यांनी एवढे पाहावे:

१. खोक्यावर "वैद्यकीय तपासणीसाठी" असे लिहिलेले असावे. पॉलिथिनचे किंवा घरकामाचे मोजे नकोत.
२. नायट्राइल किंवा भुकटी नसलेले लॅटेक्स असावेत. माप मध्यम आणि लहान. आमच्या सिस्टर आणि सुईणींचे हात मोठे नाहीत.
३. कंपनीचे नाव आणि पत्ता, परवाना किंवा नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदतीची तारीख छापलेली असावी. तारखेवर चिकटपट्टी लावलेली किंवा खोडाखोड केलेली असेल तर घेऊ नये.
४. मुदत निदान एक वर्ष शिल्लक असावी. सुटे, उघडलेल्या खोक्यातले मोजे पाठवू नयेत.
५. पक्के बिल घ्यावे. माल परत करायचा झाला तर तेच उपयोगी पडते.
६. बाळंतपणासाठी निर्जंतुक जोड्यांची आम्हांला अधिक गरज असते. माप ६½ आणि ७.

दहा स्वस्त खोक्यांऐवजी चार चांगली पाठवली, तरी आम्हांला जास्त उपयोग होतो. आणि ज्यांना हे सगळे पाहणे शक्य नाही, त्यांनी तेवढी रक्कम पाठवली तर येथे एकत्र खरेदी करून, पाण्याची परीक्षा घेऊनच आम्ही माल कपाटात ठेवू.

पावसाळ्याआधी सुईणींसाठी एक दिवसाचे शिक्षण घ्यायचे ठरले आहे. हात धुणे, मोजे घालणे आणि काढणे, आणि केव्हा न थांबता रुग्णालय गाठायचे, एवढेच त्यात शिकवायचे आहे. त्या दिवसासाठी, ओढ्यापलीकडच्या वस्त्यांवरच्या गरोदर बहिणींसाठी, आणि या दिवसांत भट्ट्यांवरून घरी परतणाऱ्या कुटुंबांसाठी आपण प्रार्थनेत आठवण ठेवावी, ही विनंती.